डावीकडं वळणारी मान

"बोट काढा बरं," डॉक्टर नाडगौडा बाई म्हणाल्या.

मी ह्यांच्या हनुवटीवरचं बोट काढलं. काढल्याबरोबर मान डावीकडं निघाली. आधी थोडी थरथरली, मग ओढत ओढत पार खांद्यापर्यंत गेली आणि तिथं अडकून बसली. अंग डॉक्टरांकडं आणि तोंड माझ्याकडं, अशी आमच्या ह्यांची कायमची बैठक. कारण मी कायम डावीकडंच बसायची.

"आता लावा."

मी बोट लावलं. दाबायचं नाही, ढकलायचं नाही, नुसतं टेकवायचं. मान आली सरळ.

"वा," डॉक्टर बाई म्हणाल्या.

इतकी वर्षं मी हे करत होते, पण वा कुणी म्हणलं नव्हतं. बार्शीत आमचं भांड्यांचं दुकान. दुकानात मी ह्यांच्या डाव्या बाजूला स्टूल टाकून बसायची, एका हाताचं बोट ह्यांच्या हनुवटीला आणि दुसऱ्या हातानं गिऱ्हाइकाचं बिल. लग्नाच्या पंगतीत तसंच, बँकेत तसंच. आमच्या गल्लीतल्या बायका म्हणायच्या, शेटेबाई नवऱ्याला एका बोटावर नाचवते. म्हणू देत. मला त्याचा अभिमानच होता.

"आणखी कुणी लावून बघितलंय का बोट?" डॉक्टर बाईंनी विचारलं.

"दुसरं कोण लावणार? माझंच लागतं ते," मी म्हणलं. "त्यांचं स्वतःचं लावलं तरी येते मान, पण टिकत नाही. माझ्या बोटानं टिकते."

"बघू या. ताई, तुम्ही लावा जरा."

ताई म्हणजे माझी अक्का. शारदा अक्का, माझी सख्खी थोरली बहीण. बँकेतनं रिटायर झालेली, पुण्यात स्वतःचा फ्लॅट, दाजी जाऊन दोन-तीन वर्षं झालेली. पुण्यात दाखवायचं ठरल्यावर आम्ही तिच्याकडंच उतरलो होतो. ती उठली, पर्समधनं रुमाल काढून तिनं हात पुसला, आणि ह्यांच्या समोर उभी राहून हनुवटीला बोट लावलं.

मान सरळ झाली. आणि टिकली. माझ्या बोटानं टिकते त्याच्यापेक्षा काकणभर जास्तच टिकली असेल, पण ते मी आजपर्यंत कुणाला बोलले नाही.

"बघा, बोट कुणाचंही चालतं," डॉक्टर बाई म्हणाल्या.

"अक्कांचं बोट गार आहे," हे म्हणाले. "बरं वाटतंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण दवाखान्यात बसलो होतो, काय बोलणार?

डॉक्टर बाई हुशार होत्या, समजावून सांगायची हौसही होती. त्या म्हणाल्या, मान वळवायची तर मेंदू एका बाजूच्या स्नायूला सांगतो, ओढ. त्याच दमात दुसऱ्या बाजूच्या स्नायूला सांगतो, सोड. ओढ म्हणणं सोपं असतं, सोड म्हणणं अवघड. मेंदूच्या पार आत पेशींचा एक पुंजका आहे, त्याचं मुख्य काम नको नको म्हणायचं. नको ते स्नायू गप्प ठेवायचे. ह्यांच्या डोक्यात तो पुंजका भलत्याच ठेक्यात बोलतो. म्हणून दोन्ही बाजू एकदमच ओढायला लागतात, आणि जिचा जोर जास्त तिकडं मान जाते. ह्या दुखण्याला डिस्टोनिया म्हणतात.

"मग बोटानं कशी काय सरळ होते?" मी विचारलं. "मी जोर तर लावत नाही."

"बोटात जोर नसतोच, बातमी असते. कातडीकडून मेंदूला कळतं, हनुवटी इथे आहे, चेहरा इथे आहे. तेवढ्या बातमीवर मेंदू थोडा वेळ स्वतःची चूक सावरून घेतो. काहींची तर नुसतं बोट जवळ आणलं तरी मान सरळ होते."

"आणि बातमी कुणीही दिली तरी चालते?"

"कुणीही," त्या हसल्या. "मेंदू सही बघत नाही."

अक्का पण हसली. हे पण हसले. मी माझी पिशवी आवरली.

आता हे मला एवढं का झोंबलं, ते सांगितल्याशिवाय पुढं जाता यायचं नाही. आमचे हे, महालिंग शेटे, बघायला आले होते ते मला नाही. अक्काला.

अक्कलकोटला अण्णांच्या, म्हणजे आमच्या वडलांच्या घरी कार्यक्रम होता. अक्का समोर खुर्चीत बसलेली, मोतिया रंगाची साडी, अंबाड्यावर गजरा. मी स्वयंपाकघराच्या दारात, हातात पोह्यांचा ट्रे. ते दार ह्यांच्या डावीकडं होतं. सगळे अक्काला प्रश्न विचारतायत, शिक्षण किती, स्वयंपाक येतो का, आणि नवरा मुलगा बघतोय माझ्याकडं. एकदा नाही, दोनदा नाही. मान वळवतोय समोर, की पुन्हा माझ्याकडं. मी ट्रे घेऊन आत पळाले, पुन्हा आले, तर तो तसाच बघतोय. मध्यस्थी गुरुपादमामांनी केली होती. ते बाहेर जाऊन अण्णांना म्हणाले, "पोराला धाकटी पसंत दिसतीय. थोरलीकडं तोंडसुद्धा केलं नाही."

थोरलीला बघायला येऊन धाकटीला पसंत करायचं म्हणजे आमच्याकडं केवढी गोष्ट. अण्णा चार दिवस जेवले नाहीत धड. शेवटी अक्काच म्हणाली, "मला अजून शिकायचंय. लीलाचं होऊ द्या." झालं. तेव्हापासनं आजपर्यंत माहेरच्या प्रत्येक लग्नात, बारशात मला ऐकायला मिळतं, अक्काचं मन मोठं म्हणून तुझं लग्न झालं बघ.

बोलू देत, मला त्याचं काही नव्हतं. कारण मी हवेत होते. अक्का गोरी, अक्का हुशार, अक्काचा पहिला नंबर. मला शाळेत मास्तरसुद्धा शारदाची बहीण म्हणून हाक मारायचे, माझं शिवलीला हे नाव कुणाच्या तोंडात बसलंच नव्हतं. आणि असल्या अक्काला समोर सोडून एका माणसानं चारचौघांत माझ्याकडं बघितलं होतं. मी त्याच्यावर संसार केला. साधी गोष्ट नाही.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी ह्यांची मान जास्त ओढायला लागली. सोलापूरच्या डॉक्टरांनी विचारलं, कधीपासनं आहे? आमच्या सासूबाई तिथं होत्या. त्या म्हणाल्या, "थोडी थोडी कॉलेजात असल्यापासनं ओढायची की. डावीकडंच. सवय आहे म्हणून आम्ही कुणाला बोललो नाही."

म्हणजे त्या दिवशी माझ्याकडं मान बघत होती. हे बघत होते का नाही, देव जाणे. त्या दारात म्हैस बांधली असती तरी गुरुपादमामांनी जाऊन सांगितलं असतं, पोराला म्हैस पसंत आहे.

तेव्हापासनं हा काटा माझ्या पोटात होता. ह्यांना विचारावं असं कितीदा ओठावर आलं. पण विचारलं आणि खरं सांगितलं तर? आमच्या माणसाला खोटं बोलता येत नाही, तीच पंचाईत. गिऱ्हाइकाला सुद्धा सांगतात, हे पातेलं घेऊ नका, बूड पातळ आहे. म्हणून मी विचारलं नाही. डावीकडं बसत गेले, बोट लावत गेले, आणि मनाला सांगत गेले, असू दे. सुरुवात कशानं का झालेली असेना, आता तर माझ्याकडंच बघतात ना.

ह्यांना मानेत द्यायचे ती इंजेक्शनं लागू पडेनाशी झाली तेव्हा ऑपरेशनचं निघालं. डोक्याला दोन भोकं पाडून आत त्या पुंजक्यापर्यंत तारा घालायच्या, गळ्याच्या हाडाखाली बॅटरी बसवायची, आणि बॅटरीनं आत सारखा बारीक करंट द्यायचा. करंटनं काही जळत नाही, मोडत नाही. तो भलता ठेका तेवढा दबून जातो, असं डॉक्टर बाई म्हणाल्या. धोका असतो, रक्तस्राव होऊ शकतो, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

हे लगेच हो म्हणाले. ह्यांचं एकच होतं. भांड्यांवर नाव घालायचं मशीन पुन्हा हातात धरायचं. बार्शीत ह्यांच्यासारखं अक्षर कुणाचं नव्हतं. मान गेल्यापासनं नावं मीच घालत होते, आणि माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

माझ्या मनात काय आलं, ते सांगते. असू दे की वाकडी, असं आलं. सरळ झाल्यावर हा माणूस कुणीकडं बघेल कुणास ठाऊक. पण असलं बोलून दाखवायचं नसतं. मी सही केली.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी ह्यांना आत नेलं, डोक्याला लोखंडी चौकट बसवून. आत ह्यांना मध्ये जागं ठेवणार होते, पेशींचा आवाज ऐकत ऐकत तार कुठं थांबवायची ते ठरवणार होते. मी आणि अक्का बाहेर बाकावर. अक्कानं थर्मासमधनं चहा ओतला, मला दिला, स्वतः घेतला नाही.

"लीले, एक सांगू का?" ती म्हणाली.

"सांग."

"मला तेव्हाच कळलं होतं."

"काय?"

"बघायला आलते तेव्हा. त्यांची मान ओढली जात होती. मी बरोबर समोर होते ना, मला दिसत होतं. मानेच्या शिरा फुगल्या होत्या. सगळ्यांना वाटलं तुझ्याकडं बघतायत. मान तुझ्याकडं होती खरी, पण डोळे…"

तिनं थर्मासचं झाकण लावलं.

"डोळे काय?" मी म्हणलं.

"डोळे माझ्याकडं होते. कोपऱ्यात आणून आणून बघत होते बिचारे."

चहा माझ्या हातात होता. मी तो पिऊन टाकला, गरम होता तरी.

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? भीती वाटली मला. असलं दुखणं घेऊन कोण जन्म काढणार? तेवढ्यात मामा म्हणाले धाकटी पसंत आहे. मी म्हणलं, सुटले." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "इतकी वर्षं पोटात होतं गं. आज ते तिकडं आत, म्हणून राहवलं नाही. रागावू नकोस."

दुसरी एखादी असती तर तिला राग आला असता, की सख्ख्या बहिणीनं जाणूनबुजून आजारी माणूस माझ्या गळ्यात बांधला. मला त्याचा राग आला नाही. आमचा धंदाच भांड्यांचा, आम्ही जुन्या भांड्यांची मोड पण घेतो आणि तिचं सोनं करतो. तिनं टाकलं, मी उचललं, माझं झालं. पण ते डोळे. ती डोळ्यांचं बोलली तिथंच माझा जीव अडकला. इतकी वर्षं मी मानेवर समाधान मानत होते, आणि डोळे हिच्याकडं होते, आणि हे हिला पहिल्यापासनं माहीत होतं. माझ्या घरी यायची, माझ्या हातचं जेवायची, महालिंगराव असं आणि महालिंगराव तसं म्हणायची, आणि पोटात हे ठेवून बसलेली.

"तुझ्यामागं भिंतीवर घड्याळ होतं," मी म्हणलं. "घड्याळाकडं बघत असतील."

"असतील," अक्का म्हणाली. आणि जराशी हसली.

तिनं नाकारलं असतं, वाद घातला असता, तरी चाललं असतं. ते हसू मला आजही जसंच्या तसं आठवतं.

ऑपरेशन चांगलं झालं. संध्याकाळी भेटायला सोडलं तेव्हा हे पट्ट्या बांधून पडलेले, पण बोलायला उत्सुक.

"लीले, माझ्या डोक्यातला आवाज ऐकला मी," हे म्हणाले. "स्पीकर लावला होता. फोडणी तडतडती ना, तसला. आणि एके ठिकाणी तार गेली तर आवाज एकदम दाट झाला. डॉक्टर म्हणाले, हेच ते."

"दुखलं का?"

"नाही. पण तुझं बोट नव्हतं, चुकल्यासारखं वाटलं."

दुसऱ्या कुठल्या दिवशी हे ऐकून मी विरघळले असते. त्या दिवशी मनात आलं, माझं बोट का अक्काचं गार बोट?

जखमा भरल्यावर ते बॅटरीचं मशीन चालू केलं. डॉक्टर बाईंनी त्यांच्या हातातल्या यंत्रावर बोटं फिरवली आणि मी श्वास धरून बसले. काही झालं नाही. मान होती तिथंच.

"लगेच होत नाही," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षांची चुकीची सवय मेंदूला मोडायची आहे. आठवडे लागतील, महिने लागतील. पहिल्यांदा थरथर थांबेल, मग हळूहळू मान समोर येईल. उजवीकडे वळणं सगळ्यांत शेवटी, आणि कदाचित येणारही नाही. जबरदस्ती करायची नाही. आणि हो, शेटेबाई, आता बोट बंद."

"बंद म्हणजे?"

"हनुवटीला हात लावायचा नाही. मशीन किती काम करतंय ते मला कळलं पाहिजे."

असं माझं बोट रिटायर झालं. अक्काला बँकेनं निदान हारतुरे दिले होते.

सारखं दाखवायला जायचं होतं, म्हणून आम्ही अक्काकडंच राहिलो. दुकान दीर बघत होते. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात, ते मी तिथं डोळ्यांनी बघितलं. अक्काच्या जेवणाच्या टेबलावर माझी जागा ह्यांच्या डावीकडं, अक्का समोर. पहिल्यांदा हे जेवताना माझ्याकडं तोंड करून असायचे, नेहमीसारखे. मग थरथर थांबली. मग एक दिवस माझ्या लक्षात आलं, हे माझ्या पलीकडच्या फ्रिजकडं बघतायत. आणखी काही दिवसांनी फ्रिज मागं पडला आणि खिडकी आली. रोज थोडे थोडे हे माझ्याकडनं सुटत होते, आणि जिकडं चालले होते तिकडं कोण बसली होती? अक्का.

नवरा बरा होतोय आणि बायको मनातल्या मनात कुढतेय. सांगणार कुणाला? वर अक्काचं कौतुक. "महालिंगराव, आज माझं पूर्ण तोंड दिसतंय ना तुम्हाला?" असं विचारायची, आणि वाटीत आमटी घालायची. हे म्हणायचे, "दिसतंय की, कपाळावर कुंकू नाही एवढं पण दिसतंय." तिला कुंकू लावायला हेच सांगायला लागले, दाजी गेले म्हणून काय झालं, लावा. आणि दुसऱ्या दिवशी हिनं खरंच बारीक टिकली लावली. चांगली दिसत होती. दिसायचीच ती चांगली, तोच तर घोळ होता.

ज्या दिवशी मान समोर येऊन थांबली, बिनबोटाची, बिनथरथरीची, त्या दिवशी अक्कानं देवाला पेढे ठेवले. मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून विचार केला. डावीकडं हे बघायचे, ते दुखणं न्यायचं म्हणून. समोर बघतायत, ते मशीन ठेवतं म्हणून. मग ह्यांनी स्वतःहून बघितलं, असं कधी कळणार? उजवीकडं बघितलं तर. तिकडं दुखणं नेत नाही, मशीनही नेत नाही. तिकडं बघायचं तर माणसाला स्वतःच बघावं लागेल.

संध्याकाळी जेवायला मी माझं ताट उचललं आणि ह्यांच्या उजवीकडं जाऊन बसले.

"तिकडं का गं?" अक्का म्हणाली.

"इकडं वारं येतं पंख्याचं."

डाव्या बाजूची माझी खुर्ची रिकामी राहिली. दोन दिवसांनी अक्काच तिथं येऊन बसायला लागली, वाढायला सोपं पडतं म्हणून. घ्या. आयत्या बिळात नागोबा.

मी उजवीकडं बसून वाट बघायला लागले. हे समोर बघून जेवायचे, डावीकडं अक्काशी बोलायचे. मान तिकडं जाऊन परत यायची, आता अगदी सहज. अक्कलकोटच्या गोष्टी निघायच्या, बँकेतल्या निघायच्या. मला म्हणायचे, "लीले, मीठ दे," ते समोर बघूनच. मी मीठ सरकवायची. डॉक्टरांकडं गेलो तेव्हा त्यांनी सांगितलं, उजवीकडं वळून बघा. ह्यांनी प्रयत्न केला, मान मध्यापाशी येऊन अडली, खांदा वर चढला, चेहरा लाल झाला. "राहू द्या," डॉक्टर बाई म्हणाल्या. "एवढं झालं हेच खूप आहे."

माझ्यासाठी ते खूप नव्हतं. पण मी जिथं बसत होते तिथंच बसत राहिले. एकदा अक्का म्हणाली, "लीले, अगं त्यांना तिकडं बघता येत नाही, तू उगीच तिकडं बसून काय करतीस?" मी म्हणलं, "जेवते." आणखी काय सांगणार होते तिला?

बार्शीला परत जायच्या आदल्या दिवशी दुपारी अक्कानं शेंगापोळ्या केल्या. ह्यांना आवडतात म्हणून. तूप वाढताना ती ह्यांच्याकडं बघून म्हणाली, "किती छान दिसता हो आता, मान सरळ झाल्यावर. तेव्हा असती अशी, तर…"

तिनं पुढचं सोडून दिलं. मला ते पुढचं ऐकू आलं.

ह्यांनी हातातला तुकडा ताटात ठेवला.

"लीले," हे म्हणाले, समोर बघत.

"काय?"

"तू इकडं का बसतीस?"

"पंख्याचं वारं येतं."

"डॉक्टर काय म्हणाले माहीत आहे ना, इकडं बघता येणार नाही म्हणून?"

"माहीत आहे."

"मग मुद्दाम बसतीस?"

ह्यांनी दोन्ही हात टेबलावर टेकवले आणि मान उजवीकडं वळवायला घेतली. मध्यापर्यंत आली आणि अडली. डावीकडची शीर दोरीसारखी ताठ झाली, खांदा वर आला. अक्का म्हणाली, "अहो नका हो, जबरदस्ती करू नका सांगितलंय डॉक्टरांनी." ह्यांनी तिचं ऐकलं नाही. श्वास धरला, सोडला, पुन्हा धरला. मान तसूभर सरकली. मी बोट लावलं असतं तर कदाचित झटक्यात आली असती. बोट आपोआप उचललं गेलं होतं. मी ते मुठीत धरलं आणि हात मांडीखाली घातला. बोटानं आलेली मान मला नको होती. ह्यांच्या कपाळावर घाम आला. जबडा थरथरायला लागला. आणि मान मध्य सोडून इकडं आली. हळूहळू, ओढत, कण्हत, पण आली. आधी गाल आला, मग नाक, मग दोन्ही डोळे.

"दिसलीस एकदाची," हे म्हणाले.

माझ्याकडं बघताना ह्यांचा चेहरा कसा झाला होता, ते मला नंतर अक्कानं सांगितलं. ती म्हणाली, घामानं भिजले होते आणि लहान पोरासारखे हसत होते, असं तिनं त्यांना कधीच बघितलं नव्हतं. असतील. मला माहीत नाही. मी त्यांच्याकडं बघतच नव्हते. मी अक्काकडं बघत होते, तिनं हे बघितलं का नाही, तेवढं बघायला. तिनं बघितलं होतं. तिच्या हातातली तुपाची वाटी तशीच अधांतरी होती. तेवढं डोळे भरून बघून मी ह्यांच्याकडं वळले, तोवर मान समोर गेली होती आणि हे पोळीचा तुकडा मोडत होते.